विचारा, सांगते : गावाचं नाव नको, आजाराचं नाव टाका

गेल्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले, की जिवाणूंनी साफ केलेल्या दूषित जागांच्या याद्या असतात, त्यांत हवी ती नोंद शोधता येते, आणि निवृत्तीनंतर माझं ते आवडतं वाचन आहे. सुनेने वाचून विचारलं, "आई, लोक कादंबऱ्या वाचतात हो." पण पत्रं आली, आणि अपेक्षेपेक्षा जास्त आली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत माझी सत्तावीस वर्षं गेली. त्या जोरावर जमतील तेवढी उत्तरं देते.

ताई, मी कोपरखैरण्याला राहतो. त्या यादीत 'कोपरखैरणे' टाकलं तर काही मिळेल का? की ही नुसती अमेरिकेची कौतुकं?
— एक वाचक, कोपरखैरणे

काही मिळणार नाही. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, संगणकावर चालणारा एक प्रोग्रॅम काढला होता. नाव लांबलचक, 'बायोरिमेडिएशन इन द फील्ड सर्च सिस्टीम'. जिवाणूंकडून सफाई कुठे चालू आहे, कुठे संपली, कुठे नुसती चाचणी झाली, हे त्यात शोधता यायचं. आमच्या साहेबांनी कुठल्याशा परिषदेतून त्याच्या फ्लॉप्या आणल्या. मी मोठ्या हौसेने 'ठाणे' टाकलं. शून्य नोंदी. मग 'बॉम्बे'. शून्य. साहेब चहा पीत मागे उभे होते. म्हणाले, "गावाचं नाव कशाला टाकताय? आजाराचं नाव टाका."

ही यादी वाचायची किल्ली त्या एका वाक्यात आहे. आधी काय सांडलंय ते टाका: डिझेल, क्रिओसोट, ट्रायक्लोरोइथिलीन. मग कशात मुरलंय ते: माती, भूजल की गाळ. मग नोंदी दिसायला लागतात, आणि त्या वाचताना कोपरखैरणे आपोआप डोळ्यांसमोर येतं.

मॉन्टाना राज्यातलं लिबी नावाचं गाव घ्या. लाकूड टिकाऊ करायला क्रिओसोट आणि पेंटाक्लोरोफिनॉल वापरायचे. ते जमिनीत उतरलं आणि १९७९ साली लोकांच्या विहिरींत सापडलं. तिथे दूषित माती खणून, खाली अस्तर घातलेल्या वाफ्यांत थराथराने पसरली, नांगरली, ओली ठेवली, वरून खत दिलं. आपण भाताचं रोप करतो तेवढ्याच निगुतीने. विहिरींच्या पाण्यासाठी मात्र जमिनीखाली ऑक्सिजन आणि पोषक द्रव्यं सोडली. एकाच जागेवर दोन वेगळे उपचार, कारण मातीतला आजार आणि पाण्यातला आजार वेगळे.

आता यातलं आपल्याला किती लागू पडेल? इथे नुसता शोध पुरत नाही, डोकं लागतं. युटामध्ये हिल नावाचा हवाई तळ आहे. जेट विमानांचं इंधन जमिनीत मुरलं होतं, तर त्यांनी जमिनीत पाइप घालून हवा फिरवली. हवा मिळाल्यावर मातीतलेच जिवाणू कामाला लागले. वाचायला सोपं. पण युटा कोरडं. नवी मुंबईचा बराच भाग म्हणजे खाडीच्या चिखलावर मुरूम टाकून केलेला भराव. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हातभर खणलं की पाणी लागतं. पाण्याने भरलेल्या मातीत हवा कुठून जाणार? तीच पद्धत इथे फारतर नोव्हेंबर ते मे चालेल, आणि तीही भरावाच्या वरच्या थरात. खालच्या काळ्या चिखलात नाही. उलट उष्णतेत आपण भाग्यवान. अलास्काच्या थंडीत जिवाणूंना जे करायला कित्येक महिने लागतात ते आपल्याकडच्या तीस अंशांत बरंच लवकर होतं.

अलास्काची नोंद तर मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. २४ मार्च १९८९ला 'एक्सॉन व्हॅल्डीज' जहाज खडकावर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. किनाऱ्यांवर जिवाणू फवारले असं पुष्कळांना वाटतं. मुख्य काम खताने केलं. तेल खाणारे जिवाणू तिथे होतेच. कर्ब त्यांना भरपूर मिळाला होता, पण नत्र आणि स्फुरद नव्हतं. ताटात नुसतं तूप, भात नाही. चाचणीसाठी गोट्यांच्या किनाऱ्यावर चौकोन आखून खत मारलं, तर दोन-तीन आठवड्यांत काळ्या किनाऱ्यावर तेवढेच चौकोन उजळ दिसायला लागले. पण त्याच किनाऱ्यांवर, मोठ्या दगडांखाली जिथे हवा पोचत नाही, तिथे वर्षानुवर्षांनी उकरल्यावरही तेल सापडलं. यशाची आणि अपयशाची नोंद एकाच जागेची.

म्हणून मी कुठलीही यादी उघडली की आधी 'थांबवले' असा शेरा असलेल्या नोंदी बघते. ट्रायक्लोरोइथिलीन हे यंत्रांचं ग्रीस धुवायचं द्रावण, कारखान्यांच्या पट्ट्यात सगळीकडे वापरलेलं. हवा नसलेल्या भूजलात जिवाणू त्यातला क्लोरीन एकेक करून काढत जातात. पण योग्य जिवाणू नसतील तर गाडी मध्येच अडकते आणि व्हिनाइल क्लोराइड साठतं, जे मूळ द्रावणापेक्षा घातक आणि माणसाला कॅन्सर करणारं. पुढे नेणारा जिवाणू आहे, डीहॅलोकोकॉइडिस. तो तिथे आहे की नाही हे न बघता काम सुरू केलं तर कागदावर 'ट्रायक्लोरोइथिलीन ९० टक्के घटले' असं छान दिसेल आणि विहिरीचं पाणी आधीपेक्षा वाईट असेल. 'यशस्वी' एवढाच शेरा असलेल्या यादीचा म्हणूनच मला उपयोग नाही. काय घटलं याबरोबर काय वाढलं, हा रकानाही हवा.

आमच्या सोसायटीत जनरेटरच्या टाकीचा कॉक गळून डिझेल मागच्या वाफ्यात मुरलं, वीसेक लिटर तरी असेल. एक माणूस 'बॅक्टेरिया पावडर' घेऊन आला, १८ हजार सांगतोय. म्हणतो, पंधरा दिवसांत वास जाईल. मॅडम, घ्यावी का?
— सेक्रेटरी, ऐरोली

पंधरा दिवसांत वास नक्की जाईल. पावडर न घालताही जाईल. डिझेलचा हलका भाग एप्रिलच्या उन्हात उडून जातो, आणि नाकाला कळतो तो तेवढाच भाग. जड भाग मातीला चिकटून बसतो, त्याला फारसा वास नसतो. तो माणूस खोटं बोलत नाहीये, तुम्हाला चुकीची गोष्ट मोजायला लावतोय.

अशीच एक पावडर आमच्याकडेही आली होती. मी लोणच्याच्या चार बरण्या घेतल्या. चारींत सारखी माती, सारखं डिझेल. पहिलीतली माती डिझेल घालण्याआधी जुन्या कुकरमध्ये वाफवून जिवाणू मारले. (तो कुकर स्वयंपाकातून कायमचा बाद केलेला होता, घाबरू नका.) दुसरी नुसती ठेवली. तिसरीत ती पावडर. चौथीत चिमूट युरिया, चिमूट डीएपी आणि रोज चमच्याने ढवळणं. दोन महिन्यांनी मोजलं तर वाफवलेल्या बरणीतलंही डिझेल कमी झालेलं होतं. ते उडून गेलेलं, जिवाणूंच्या खात्यात धरायचं नाही. ते वजा करून पाहिलं तर चौथी बरणी पावडरीच्या बरणीच्या बरोबरीला होती. पावडरवाल्याला आकडे दाखवले. त्याने बरण्यांचे फोटो काढले आणि पुन्हा आला नाही.

सगळ्याच पावडरी फसव्या असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण तयार केलं, 'ऑइलझॅपर', आणि तेल कंपन्यांच्या गाळाच्या खड्ड्यांवर ते खरोखर वापरलं जातं. ज्या गाळात तेलच इतकं की मातीचे जिवाणू तग धरत नाहीत, तिथे बाहेरून पाहुणे आणावेच लागतात. तुमच्या वाफ्यात घरचे पुरेसे आहेत. त्यांना जेवायला वाढा.

वीस लिटर डिझेल म्हणजे साधारण १७ किलो, त्यात कर्ब साडेचौदा किलो. शंभर भाग कर्बाला दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद हा जुना हिशेब. म्हणजे सुमारे ३ किलो युरिया आणि पाऊण किलो डीएपी. एकदम टाकू नका, माती खारट होईल आणि अमोनियाचा वास सुटेल. चार हप्त्यांत, दर पंधरा दिवसांनी. डिझेलची माती खणून जाड प्लॅस्टिकवर वीतभर-दीडवीत थरात पसरा, कडेला विटांचा बांध घाला, वर ताडपत्री. आठवड्यातून एकदा फावड्याने खालीवर करा. ओल किती? मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. आणि हे सगळं पावसाच्या आधी उरका, नाहीतर पहिल्याच सरीला डिझेल गटारात.

सुरुवातीला एक आणि तीन महिन्यांनी एक, असे दोन नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. 'टीपीएच' (म्हणजे मातीत एकूण पेट्रोलियम किती) तपासून द्या म्हणा, त्यांना कळतं. बोअरवेल जवळ असेल किंवा गळती टाकीच्या तळातून बरेच दिवस चालली असेल, तर माझं ऐकत बसू नका. तो घरगुती उपाय राहत नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

आम्ही दिव्याचे कोळी. माझ्या बापाच्या वेळेला खाडीत निवटी, चिंबोऱ्या मुबलक. आता जाळ्यात प्लॅस्टिक जास्त. बॅक्टेरिया टाकून खाडीच्या गाळातला पारा-शिसं निघेल काय? एका कार्यक्रमात एक साहेब 'निघेल' म्हणाले.
— एक वाचक, दिवा कोळीवाडा, ऐरोली

दादा, नाही निघणार. जिवाणू डिझेल खातात कारण ते कर्बाचं आहे, मोडून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊ शकतं. पारा हे मूलद्रव्य आहे. ते कोणी कितीही चावलं तरी पाराच राहतं. जिवाणू फारतर त्याचं रूप बदलतात.

रूप बदलणं कधी उपयोगाचं असतं. क्रोमियमचं घातक, पाण्यात विरघळणारं रूप जिवाणूंच्या मदतीने न विरघळणाऱ्या रूपात नेता येतं, मग ते जागच्या जागी बसतं. पण बसतं, जात नाही. पाऱ्याचं तर नेमकं उलटं होऊ शकतं. हवा नसलेल्या काळ्या गाळात काही जिवाणू पाऱ्याचा मिथिल पारा, म्हणजे त्याचं आणखी विषारी रूप, करतात, आणि तो माशांत साठत वर चढतो. जपानमध्ये मिनामाटाला १९५६ साली जो आजार उघडकीला आला, तो मिथिल पाऱ्याचाच. तिथे तो कारखान्यातूनच थेट समुद्रात गेला होता, पण शेवटी माशांतूनच माणसांपर्यंत आला. तेव्हा खाडीच्या गाळात कोणी 'काहीतरी' ओतायला निघाला, तर काय ओततोय आणि गाळाचं नंतर काय होणार, हे विचारायचा सगळ्यात मोठा हक्क तुमचा.

खाडीचा काही भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पाटी लागली म्हणून जुना गाळ बदलत नाही. तेलाचं मात्र वेगळं. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं धडकली, तेव्हाचं तेल किनाऱ्यांवर आणि खारफुटीत आलं होतं, तुम्हाला आठवत असेल. ते जिवाणूंचं काम. आणि खारफुटीच्या चिखलात घमेली-फावडी घेऊन उतरण्यापेक्षा जिवाणूंना वेळ देणं बरं, नाहीतर आपणच तेल पायांनी खाली दाबतो.

हे तेल खाणारे जंतू सुटले तर आपल्या गाडीतलं पेट्रोल, प्लॅस्टिकच्या टाक्या खाऊन टाकतील का?
— इयत्ता नववी, ठाणे (पश्चिम)

नाही रे राजा. ते आधीपासूनच सुटलेले आहेत, तुझ्या शाळेच्या मैदानातही आहेत. गाडीच्या टाकीत पाणी नाही, नत्र नाही, मग ते वाढणार कशावर? डिझेलच्या टाकीत तळाशी पाणी साचलं तर मात्र खरंच वाढतात आणि फिल्टर चोंदतो. कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचार, तो त्याला 'शेवाळ' म्हणेल. आनंद मोहन चक्रवर्ती नावाच्या आपल्या बंगाली शास्त्रज्ञाने अमेरिकेत तेलातली अनेक द्रव्यं मोडणारा जिवाणू घडवला आणि १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटला मान्यता दिली, पाच विरुद्ध चार मतांनी. गंमत म्हणजे तो जिवाणू तेलगळतीवर कधी सोडलाच गेला नाही.

मी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठाणे जिल्ह्यापुरती अशी शोधता येणारी यादी प्रोजेक्ट म्हणून करायची आहे. रकाने कोणते ठेवू? मॅम, डेटा कुठे मिळेल?
— एक विद्यार्थिनी, कळवा

कर, नक्की कर. केंद्राने २०२५ साली दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत. त्यांत जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या आणि राज्याच्या मंडळाने त्या तपासायच्या, अशी रीत आहे. तुझी सुरुवात त्या यादीपासून. माहितीचा अधिकार आहेच, पण अर्जात 'सर्व माहिती द्या' लिहू नकोस. एका जागेचा, एका वर्षाचा तपासणी अहवाल माग.

रकाने तुला सुचतीलच: जागा, द्रव्य, माध्यम, पद्धत, कधी सुरू, कधी संपलं. मी सांगते ते तीन विसरले जातात. एक, नमुना किती खोलीवरून घेतला. वरच्या वितभरात माती बऱ्याचदा खालच्यापेक्षा साफ असते. दोन, पावसाळ्याआधीचा की नंतरचा. सप्टेंबरमधला आकडा कमी आला तर श्रेय जिवाणूंचं की पावसाने वाहून नेलं त्याचं? तीन, नमुना घेतल्यावर तो किती दिवसांनी आणि कुठे ठेवून तपासला.

तिसरा रकाना माझ्या अंगावर आलेला आहे. तेलकट मातीच्या एका जागेचं काम आमच्याकडे आलं. काम सुरू व्हायच्या आधीचे बारा नमुने मी स्वतः घेतले, बरण्यांवर लेबलं लावली, फ्रीजमध्ये ठेवले. गणपती आले. पाच दिवसांनी परत येऊन बघते तर फ्रीज बंद. कोणीतरी मोदकांचा पंखा लावायला प्लग काढला होता, तो परत लावला नाही. बरण्या कोमट, झाकण उघडल्यावर फुस्स करून वायू. मी तरी तपासणी केली. आकडे छान कमी आले. माझ्याच बरण्यांत जिवाणूंनी पाच दिवस फुकट काम केलं होतं.

मी साहेबांना सांगितलं, नमुने पुन्हा घ्यायला हवेत. तोपर्यंत त्या जागेवर काम सुरू झालं होतं, माती खालीवर झालेली. 'आधी'चा आकडा गेला तो गेला. अहवालात 'आधी'च्या रकान्यात मी 'उपलब्ध नाही' लिहिलं, त्यावर काम देणारे बरेच चिडले. त्यांना ते कोमट बरण्यांचे आकडे चालले असते. पुढे त्यांच्या माहितीपुस्तिकेत ती जागा 'यशस्वी' म्हणून छापून आली, कुठल्याही आकड्याशिवाय. तुझ्या यादीत अशी जागा आली तर ती काढून टाकू नकोस. आकड्याच्या जागी रिकामा रकाना ठेव, आणि तो रिकामा आहे हेसुद्धा शोधता येऊ दे. मिनेसोटात बेमिजी गावाजवळ १९७९ साली तेलाची पाइपलाइन फुटली. १७ लाख लिटर सांडलं, त्यातलं ४ लाखांच्या आसपास जमिनीत राहिलं. तिथे शास्त्रज्ञ अजूनही मोजतायत. चार दशकं झाली तरी 'संपलं' म्हणायची त्यांना घाई नाही. तुझ्या मॅमना मात्र एप्रिलमध्ये प्रोजेक्ट हवा असेल, तेव्हा दहा जागा पुरे.

मुलुंडच्या डम्पिंगवर जे 'बायोमायनिंग' चालतं, ते हेच का? आम्हाला कोपरीत वास येतो म्हणून विचारते.
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

चुलतभाऊ. तिथे २०१८ साली कचरा टाकणं बंद झालं, सुमारे ७० लाख टनांचा जुना ढीग हलवायचा होता. ढीग उकरून लांब रांगा करतात, त्यावर जिवाणूंचं द्रावण मारतात, रांगा उलटतात, आणि कोरडं झालं की मोठ्या फिरत्या चाळणीतून माती, प्लॅस्टिक, दगड वेगळं करतात. जिवाणू ओला भाग संपवतात आणि वास कमी करतात, बाकीचं काम चाळणीचं. जुना ढीग उकरला की आत कोंडलेला वायू सुटतो, त्यामुळे काही दिवस वास वाढतोच. खिडक्या लावा.

शेवटी एक विनंती. दोघांनी प्रश्नासोबत पाकिटात माती पाठवली आहे. एकीतून तेल झिरपून बाकीच्या पत्रांवर आलं, ऐरोलीच्या सेक्रेटरींचं पत्र मी भिंगातून वाचलं. पोस्टाने माती पाठवू नका.